पटावरचे दोनशे

शाळेतली गळती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पहिलीच्या पटावर चाळीस नावे असतात आणि त्यांतली पंचवीस मुले दहावीच्या परीक्षेला बसतात. पंचविसांपैकी चोवीस उत्तीर्ण झाली की शाळेचा निकाल ९६ टक्के लागतो आणि तो दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने लिहिला जातो. हा आकडा खोटा नसतो. पण पहिलीत आलेल्या चाळीस मुलांचे पुढे काय झाले असे कोणी विचारले, तर त्या ९६ टक्क्यांत उत्तर सापडत नाही. गेलेली पंधरा मुले कोण होती आणि का गेली, याला निकालपत्रकात रकानाच नसतो.

औषधांच्या आणि लसींच्या चाचण्या करणाऱ्या आम्हा मंडळींनाही हाच प्रश्न सतत पडतो. आमच्याकडेही एक पट असतो, आमच्याकडेही गळती होते, आणि उरलेल्यांवरून काढलेला आमचा निकालही असाच फसवा ठरू शकतो. फरक इतकाच की आमच्या निकालावरून लाखो माणसांना एखादे औषध द्यायचे की नाही, हे ठरते.

ही फसगत नेमकी कशी होते हे पाहण्यासाठी एक काल्पनिक चाचणी घेऊ. जागा मात्र खरी आहे. पुणे-लोणावळा लोकलने कान्हे स्थानकावर उतरून इंद्रायणी ओलांडली की मावळ तालुक्यातले टाकवे बुद्रुक लागते. इथून पुढे आंदर मावळ सुरू होतो. टाकव्याच्या परिसरात कारखाने आहेत, कारखान्यांत पाळीने काम करणारे आणि खोली भाड्याने घेऊन राहणारे कामगार आहेत. मागे ठोकरवाडी धरणाच्या दिशेने भातखाचरे, गावे आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. समजा, या भागातल्या रक्तक्षय असलेल्या २०० स्त्रियांवर एका नव्या लोहयुक्त गोळीची चाचणी करायची आहे. रक्तक्षय असलेल्या बाईला काहीच औषध न देणे योग्य नाही, म्हणून १०० जणींना नवी गोळी आणि १०० जणींना नेहमीची सरकारी लोहाची गोळी द्यायची. कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे.

चिठ्ठ्या का? डॉक्टरांनी निवड केली तर ते नकळत जास्त अशक्त बायकांना नवी गोळी देतील. बायकांनी केली तर ज्या हौशी आणि शिकलेल्या आहेत त्या नवी गोळी मागतील. चिठ्ठीला अशक्त-सशक्त, गरीब-श्रीमंत कळत नाही. त्यामुळे दोन्ही गटांत सगळ्या प्रकारच्या स्त्रिया साधारण सारख्या वाटल्या जातात; ज्या गोष्टी आपल्याला मोजता येतात त्याही, आणि ज्या आपल्या ध्यानीमनीही नाहीत त्याही. मग शेवटी दिसलेला फरक गोळीचाच, असे म्हणायला आधार मिळतो. या एका युक्तीवर आधुनिक औषधचाचणीची सगळी इमारत उभी आहे.

आता समजा, नवी गोळी प्रत्यक्षात जुन्या गोळीपेक्षा जराही सरस नाही. दोन्ही गटांत शंभरातल्या साठ जणींचे रक्त सुधारणार आणि चाळीस जणींचे नाही. सर्व २०० जणी शेवटपर्यंत राहिल्या तर निकाल ६० विरुद्ध ६० असा येईल, आणि तो खरा असेल.

पण नव्या गोळीने पोटात जळजळते. जिला फरक पडतो आहे ती जळजळ सोसते. जिला काहीच फरक पडत नाही ती म्हणते, "कशाला हा ताप?", आणि येणे बंद करते. समजा, अशा वीस जणी गळाल्या. नव्या गोळीच्या गटात उरल्या ८०, त्यांतल्या ६० सुधारलेल्या, म्हणजे ७५ टक्के. जुन्या गोळीच्या गटात वेगळेच घडते. आषाढ लागतो, भातलावणीला माणूस मिळेनासे होते. ज्यांच्या अंगात आता ताकद आली आहे त्या बायका खाचरात उतरतात आणि तपासणीला यायचे थांबवतात. अशा वीस जणी गेल्या तर तिथेही उरतात ८०, पण त्यांतल्या सुधारलेल्या ४०, म्हणजे ५० टक्के. निकाल ७५ विरुद्ध ५०! निरुपयोगी सुधारणा असलेली गोळी बाजारात यायला एवढे पुष्कळ आहे. आणि गंमत अशी की पट तपासणाऱ्याला यात काहीही खटकणार नाही. दोन्हीकडे शंभरातल्या ८० जणी हजर आहेत, गळती अगदी समसमान.

(हा हिशेब सातवी-आठवीच्या वर्गात दोन वाट्या आणि दोनशे चिंचोके घेऊन करता येतो. साठ साठ चिंचोक्यांवर खडूची खूण करावी, मग प्रत्येक वाटीतून कोणते वीस उचलायचे हे मुलांनाच ठरवू द्यावे. टक्केवारी हवी तशी वळवता येते हे त्यांच्या लवकर लक्षात येते.)

म्हणजे किती गळाले यापेक्षा कोण गळाले आणि का, हे महत्त्वाचे. टाकव्याच्या कारखान्यातले कंत्राट संपले म्हणून एखादे कुटुंब आपल्या गावी निघून गेले, तर त्या जाण्याचा गोळीशी संबंध नाही. अशा गळतीने आपली संख्या घटते, अंदाज थोडा ढोबळ होतो, पण दिशा चुकत नाही. गोळीमुळे किंवा आजारामुळे जो जातो त्याच्या जाण्याने मात्र चिठ्ठीने साधलेला समतोल मोडतो. अडचण अशी की गेलेल्या माणसाच्या नावापुढे नुसती फुली असते. ती फुली कोणत्या जातीची, हे त्याला गाठून विचारल्याशिवाय कळत नाही.

संख्याशास्त्रज्ञांनी यावर काही उपाय शोधले आहेत. एक म्हणजे ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात माणसाचा हिशेब शेवटपर्यंत धरायचा, मग त्याने गोळी घेतलेली असो वा नसो. दुसरा म्हणजे गेलेल्यांचे चांगल्यात चांगले आणि वाईटात वाईट काय झाले असेल, ते मांडून पाहायचे. आपल्या उदाहरणात नव्या गोळीने शंभरातल्या किमान ६० आणि कमाल ८० सुधारल्या असतील. जुनीने किमान ४० आणि कमाल ६०. ही दोन्ही माप एवढी सैल आहेत की त्यांतून काहीच निष्पन्न होत नाही. हेच जर प्रत्येक गटातून वीसच्या ऐवजी दोघीच हरवल्या असत्या, तर अंतर ६० ते ६२ आणि ५८ ते ६० इतके आवळून आले असते. गणिताने न दिसलेले दिसू लागत नाही. आपल्याला किती कमी दिसते आहे, एवढेच ते प्रामाणिकपणे सांगते. बाकीचे काम पायांनी करावे लागते.

पायांनी करायचे हे काम किती मोठे असते याचे चांगले उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे आहे. लहान बाळांना रोटा विषाणूमुळे तीव्र जुलाब होतात. त्यावर भारतात तयार झालेल्या तोंडावाटे द्यायच्या लसीची चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्हा अशी तीन ठिकाणे होती. पुण्याकडची बाजू केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढूहून सांभाळली. तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बाळे घेण्यात आली. दर तिघांतल्या दोघांना लस आणि एकाला तशीच दिसणारी निष्क्रिय मात्रा, असे चिठ्ठीने ठरले. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या सुमारास मात्रा द्यायची आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत लक्ष ठेवायचे.

लक्ष ठेवायचे म्हणजे दर आठवड्याला बाळाच्या घराशी संपर्क साधून जुलाब-उलट्या झाल्या का, हे विचारायचे. एका बाळामागे दोन वर्षांत शंभराच्या आसपास भेटी झाल्या. मुख्य हिशेबात अखेर ६,५४१ बाळे धरता आली, म्हणजे शंभरातली ९६. (उरलेली सगळी हरवली असे नाही, काहींच्या मात्रा ठरल्या नियमाप्रमाणे झाल्या नव्हत्या.) रोटा विषाणूच्या तीव्र जुलाबांचे प्रसंग लस घेतलेल्या गटात ७१ आणि दुसऱ्या गटात ७६ आढळले. लसीचा गट दुप्पट मोठा होता हे लक्षात घेतले की लसीने असे सुमारे ५४ टक्के आजार टळले, असे उत्तर मिळते. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मार्च २०१६ मध्ये ही लस चार राज्यांत सरकारी लसीकरणात आली.

हे आकडे पुन्हा एकदा पाहू. साडेसहा हजार बाळांवर लक्ष ठेवले, पण सगळा निर्णय टेकला आहे तो १४७ प्रसंगांवर. त्यांतले पंचवीस-तीस जरी नजरेतून निसटले असते, म्हणजे बाळ आईबरोबर मामाच्या गावी असताना आजारी पडले आणि तिथल्याच खाजगी डॉक्टरकडे बरे झाले, अशी नोंद राहून गेली असती, तर उत्तर किती डळमळले असते याची कल्पना येईल. म्हणूनच जिथे एकही बाळ आजारी पडलेले नाही, अशा हजारो घरांत दर आठवड्याला जाऊन "काही नाही" ही नोंद आणावी लागते. हे "काही नाही" आमच्या दृष्टीने फार मोलाचे असते.

वढूला हे जमले, ते काही पाहुण्या पथकाने वर्षभरात साधलेले नव्हे. डॉ. बानू कोयाजी यांनी केईएमच्या वतीने १९७० च्या दशकातच इथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते. गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. २००२ पासून परिसरातल्या २२ गावांमधले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवली जाऊ लागली. चाचणीची माणसे दारात आली तेव्हा घराला ती नवीन नव्हती. बाळ आजारी पडले तर न्यायचे कुठे, हेही घराला ठाऊक होते. लोकांना चाचणीत टिकवण्याच्या युक्त्यांची लांबलचक यादी आजकाल प्रशिक्षणांत वाटतात: आठवणीचे फोन, सुंदर कार्ड, वाढदिवसाला भेट. त्यांचा थोडा उपयोग होतो. पण आमच्या मते, चाचणी सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर तिथे दवाखाना आहे की नाही, यावर त्यापेक्षा पुष्कळ जास्त अवलंबून असते.

टाकव्यात अशी चाचणी करायची झाली तर आमच्यासारख्यांना आधी गावाचे पंचांग शिकावे लागेल. जून-जुलैत लावणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. या दिवसांत बाईला बोलावू नये, आपण बांधावर जावे. दिवाळीनंतर बरीचशी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तर भट्टी कोणत्या गावची, हे ती निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. कारखान्यातल्या माणसाची या आठवड्यात पहिली पाळी आहे की रात्रपाळी, हे न पाहता दुपारी दार वाजवले तर झोपमोड केल्याबद्दल बोलणी बसणारच. गरोदर बाईचे नाव घालताना सासरच्या पत्त्याबरोबर माहेरचा पत्ताही लिहून घ्यावा. पहिले बाळंतपण माहेरी होते हे कोणत्याही विदेशी मार्गदर्शिकेत लिहिलेले नसते, पण आपल्याकडे बाळांच्या पाठपुराव्यात पडणारे मोठे खिंडार तेच असते. आणि दर वेळी नवा माणूस पाठवू नये. घरच्यांना माणूस आठवतो, चाचणी आठवत नाही.

रक्ताचा विषय तर स्वतंत्रच आहे. "बाटली भरून रक्त नेतात आणि विकतात" ही कुजबुज कोणत्याही गावात ऐकू येते. पाच मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचा, हे तोंडाने सांगून पटत नाही. चमच्यात रंगीत पाणी ओतून दाखवले की पटते. तपासणीचा निष्कर्षही त्या घराला परत सांगायला हवा. चार वेळा रक्त देऊन ते किती भरले हे कोणी सांगत नसेल, तर पाचव्या वेळी बाईने का यावे? याबाबतीत गाव संशोधकांपेक्षा जास्त तर्कशुद्ध असते.

हजेरी म्हणजे सहभाग नव्हे, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. बाकावर बसलेले मूल वर्गात असतेच असे नाही. चाचण्यांत याचे गाजलेले उदाहरण दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे या देशांतले आहे. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी रोज गोळी किंवा जेल वापरण्याची ती चाचणी २००९ मध्ये सुरू झाली, तीत पाच हजारांवर स्त्रिया होत्या. शंभरातल्या ९१ टिकल्या. गोळ्या घेता का, असे विचारले की बहुतेक जणी हो म्हणत. परत आणलेल्या गोळ्यांची मोजणीही जुळे. निष्कर्ष मात्र आला की औषधाचा उपयोग नाही. मग साठवलेले रक्त तपासले, तेव्हा जेमतेम पाव ते तीस टक्के नमुन्यांत औषध सापडले! नंतरच्या मुलाखतींत कारणे कळली. ही गोळी एचआयव्हीच्या रुग्णांची आहे, ती घरात कोणाला दिसली तर आपल्यालाच रोग आहे असे म्हणतील, ही भीती मोठी होती. तपासणीला येण्यात मात्र फायदा होता, म्हणून त्या येत राहिल्या. औषध निरुपयोगी होते की ते घेतलेच गेले नाही, हे हजेरीपटावरून कधीच कळले नसते. "मी गोळ्या घेत नाही" हे सांगणाऱ्या बाईवर रागावणारी चाचणी अशी स्वतःचाच घात करून घेते.

इथे एक नाजूक गोष्ट येते. आम्हाला माणसे टिकायला हवीत, आणि त्याच वेळी कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता सोडून जाण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. भारतातल्या २०१९ च्या नव्या औषधांच्या व चाचण्यांच्या नियमांनुसार हे संमतिपत्रात लिहावेच लागते. सोडल्यामुळे नेहमीच्या उपचारांत काही उणे करता येत नाही. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणे रास्त आहे. पण रक्कम एवढी वाढवली की त्या पैशांसाठी माणूस आपला त्रास लपवू लागेल, तर ते आमिष झाले. किती द्यायचे हे म्हणूनच नीतिमत्ता समिती ठरवते.

या पेचातून एक वाट निघते, आणि ती बऱ्याच वेळा सहभागींना सांगितलीच जात नाही. गोळी सोडणे म्हणजे चाचणी सोडणे नव्हे. ज्या बाईला जळजळीमुळे गोळी नको तिने ती जरूर थांबवावी; पण तिची हरकत नसेल तर सहा महिन्यांनी एकदा तिचे रक्त तपासता येते. तेही नको असेल तर फोनवर दोन प्रश्न विचारता येतात. तेही नको असेल तर दवाखान्यातली नोंद पाहायची परवानगी मागता येते. आणि ती "नाही" म्हणाली तर तिथे थांबायचे. जिच्यावर सक्ती होत नाही अशी बाई पहिल्या पायरीवरच थांबते, असे पुष्कळदा दिसते.

विश्वास तुटला की काय होते, याचा धडा २०१० मध्ये देशाने घेतला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस आंध्र प्रदेशात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात एका प्रकल्पातून मुलींना देण्यात येत होती. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. पण पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या, हे मात्र उघड झाले. ज्या सहीला शाळेच्या दाखल्यावर वजन असते, ती इथे चालत नाही. एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीच्या सर्वच अभ्यासांतले लसीकरण थांबवले.

त्या आदेशात एक वेगळीच चाचणी सापडली. दोन मात्रा पुरतात की तीनच हव्यात हे पाहणारी ती चाचणी सप्टेंबर २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर सुरू झाली होती. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यातले बार्शी ही आपली तीन. वीस हजार अविवाहित मुली घ्यायच्या होत्या, १७,७२९ झाल्या होत्या. आदेश आला तेव्हा ४,९४९ मुलींना एकच मात्रा मिळालेली होती, पुढची मिळणार नव्हती. चाचणीचा आराखडाच मोडला. गाशा गुंडाळणे सोपे होते.

संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही. या मुलींना एकच मात्रा का मिळाली, हे आठवून पाहा. कोणी आजारी पडले म्हणून नाही, कोणाच्या आईला भीती वाटली म्हणून नाही. त्या उशिरा दाखल झाल्या आणि तारीख आडवी आली. आधीच्या हिशेबात म्हणायचे तर ही फुली गोळीशी संबंध नसलेली होती. चिठ्ठीइतकी ती निर्दोष नव्हे, पण एक मात्रा, दोन मात्रा आणि तीन मात्रा घेतलेल्या मुलींची तुलना करण्यासारखी नक्कीच होती. मात्र त्यासाठी मुली सापडायला हव्या होत्या, आणि त्याही नेमक्या लग्नानंतर. कारण विषाणूची तपासणी लग्नाला दीड वर्ष झाल्यावर किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, करायची होती. बार्शीची मुलगी लग्न होऊन कोणत्या गावी गेली, तिथे सासूसमोर ही तपासणी कशासाठी हे कसे सांगायचे, ती येईल का, अशा प्रश्नांत कार्यकर्त्यांची दहा वर्षे गेली.

एकाच मात्रेच्या गटातल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी झाली. १६ आणि १८ या क्रमांकांच्या विषाणूंच्या चिवट लागणीपासून एका मात्रेने ९५ टक्के संरक्षण मिळाले होते; दोन आणि तीन मात्रांनी प्रत्येकी ९३ टक्के. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. केनियातल्या आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांबरोबर त्यांचाही विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये मुलींसाठी एकाच मात्रेचा पर्याय मान्य केला. त्यामुळे जेवढ्या लसीत पूर्वी एका मुलीचे तीन मात्रांचे लसीकरण पुरे होई, तेवढ्यात आता तीन मुलींना लस देता येते.